एकशे सदतीस

एदेलिनाने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि पडद्यावरच्या ओळींवरून बोट खाली नेलं. पंधरा, सोळा, सतरा, अठरा. अठराव्या तासानंतर फाइलीत काहीच नव्हतं. तास बहात्तर असायला हवे होते.

"मॅम, ऐकताय ना?" तटरक्षक दलाच्या चौकीवरून पेराल्ता बोलत होता. "पायलट तीन तास फिरला. तुमच्या नकाशातला चौकोन न् चौकोन पाहिला. समुद्र आज आरशासारखा आहे, फळकूट असतं तरी दिसलं असतं. काही नाही."

"विमान परत कधी उडेल?"

"इंधन एका फेरीचं आहे. दोनला उडालं तर पाच-साडेपाचपर्यंत शोधता येईल. त्याच जागी पाठवू?"

"नको." तिचा आवाज चढला तशी तिने तो आवरला. "सकाळचा नकाशा बाजूला ठेवा. दोनच्या आत नवा देते."

"का? त्यात काही चुकलंय?"

"नवा देते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला गुरुवार. समुद्र संशोधन केंद्रात चिटपाखरू नव्हतं. सगळे आपापल्या गावी गेले होते. एदेलिना थांबली होती कारण सोमवारी पहाटे निघालेली होडी मंगळवारी संध्याकाळी परत आली नव्हती. होडीत चार माणसं होती आणि त्यांतला एक तिचा धाकटा भाऊ दिओनी. पाणी दोन दिवसांपुरतं नेलेलं. शुक्रवारी कोणी समुद्रात जात नाही, म्हणून आठवड्याची मासळी आधीच धरून आणू, असं म्हणून गेला होता.

नकाशा काढायची रीत साधी होती. तीन प्रोग्रॅम एकामागे एक साखळीने जोडलेले. पहिला वारा आणि प्रवाह घेऊन हजारो कल्पित होड्या पाण्यात सोडायचा आणि तासातासाला त्या कुठे वाहत जातात ते पुढे द्यायचा. दुसरा त्यांचे चौकोन पाडायचा. तिसरा शेवटच्या तासाचं चित्र काढायचा. तिन्ही संपले की शेल, म्हणजे ज्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचे तिथला कारभारी, एक आकडा द्यायचा. शून्य आला की सगळं ठीक. शून्य आल्यावर हिरव्या अक्षरांत 'सुखरूप' असं उमटावं, ही ओळ तीन वर्षांपूर्वी एदेलिनानेच लिहिली होती. केंद्रातल्या सगळ्यांना ती आवडली होती. तेव्हापासून हिरवं दिसलं की नकाशा पाठवायचा, हा परिपाठच पडून गेला. आज सकाळी सहाला तिनेही तेच केलं.

आणि शेल खोटं बोललं नव्हतं. साखळीतल्या शेवटच्याचं विचारलं तर ते शेवटच्याचंच सांगतं. चित्र काढणारा खरोखर सुखरूप होता. त्याच्या हातात अठरा तास आले, त्याने अठरा तासांचं चित्र काढलं. पहिला वाटेत पडला हे शेलला ठाऊक होतं. क्षणभर त्याने तिघांचेही आकडे जपून ठेवले असणार. तिने विचारले नाहीत, पुढचा हुकूम आला आणि ते पुसले गेले.

तिने पहिला प्रोग्रॅम एकटाच चालवला. अकरा मिनिटं पडद्यावर तास सरकत राहिले. सतरा. अठरा. मग एकच शब्द आला: किल्ड. मारलं गेलं.

तिने आकडा विचारला. एकशे सदतीस.

हे अंक तिला पाठ होते. केंद्रातल्या ज्येष्ठ फ्लोरोंनीच शिकवले होते, वीस वर्षांपूर्वी, ती नवी नवी रुजू झाली तेव्हा. एकशे अठ्ठावीसच्या वरचा आकडा आला की समजायचं, काम आपल्या मरणाने मेलं नाही, बाहेरून घाला पडला. एकशे अठ्ठावीस वजा करायचे, उरेल तो घाल्याचा क्रमांक. पंधरा म्हणजे 'आता आवर बाबा' असा निरोप. ऐकणारा ऐकतो, हातातलं जागेवर ठेवतो आणि जातो. नऊ म्हणजे निरोप नाहीच. शेवटचा शब्द तोंडातून निघायच्या आत खेळ संपतो. जो गेला तो काही सांगत नाही, सांगतं ते शेल. कोणी मारलं, का मारलं, हे शेलही सांगत नाही. त्याला तेवढंच कळतं.

तिने यंत्राची अंतर्गत नोंद उघडली. मेमरी संपली होती. मेमरी संपली की यंत्र आपण होऊन एकाला निवडतं आणि नऊ नंबर पाठवतं. ज्याने सर्वांत जास्त जागा अडवली त्याला. पण सर्वांत जास्त जागा तिच्या होड्यांनी अडवलेली नव्हती. ती अडवली होती फ्लोरोंच्या कामाने. अडतीस दिवसांपासून ते चालू होतं, आणि यंत्र सांभाळणाऱ्या माणसाने सुट्टीवर जाताना त्याच्यावर शिक्का मारून ठेवला होता: याला हात लावायचा नाही. मग यंत्राने त्याच्या शेजारच्याला हात लावला.

तिने निम्म्या होड्या सोडून पाहिलं. एकतीस तास, आणि एकशे सदतीस. आणखी निम्म्या केल्या असत्या तर ठिपके इतके विरळ पडले असते की विमानाला अख्खा समुद्रच दाखवावा लागला असता.

मग तिने जे केलं ते करताना दाराकडे पाहिलं. कोणी नाही हे माहीत असूनही पाहिलं. फ्लोरोंच्या कामाचा क्रमांक टाइप केला आणि त्यावर नऊ सोडला. आधी पंधरा नाही, थेट नऊ.

परवानगी नाही, असं उत्तर आलं. दुसऱ्याचं काम मारता येत नाही.

यंत्र सांभाळणारा डोंगरात, फोनच्या टप्प्याबाहेर. फ्लोरोंचा फोन बंद. तो बंदच असणार होता, कारण ते चॅपेलात पबासाच्या अखंड गायनाला बसले होते.

*

चॅपेलच्या अंगणात नारळाच्या झावळ्यांचा मांडव होता आणि मांडवात कालपासून येशूच्या यातनांची गाथा गायली जात होती. एकदा पहिली ओवी लागली की शेवटच्या ओवीपर्यंत सूर तुटू द्यायचा नाही. गाणारे बदलतात, घसे बसतात, आल्याचा चहा फिरतो, पण गाणं थांबत नाही. ज्याला उठायचं त्याने आपल्या जागी दुसरा बसवायचा आणि ओळीच्या मध्येच सूर त्याच्या हाती द्यायचा, हातातलं तान्हं पोर देतात तसा. ते गाणं कानावर पडलं की भरउन्हातून आलेल्या माणसाच्याही पोटात गार वाटतं. ज्या अंगणात दोन दिवस असं नाव घेतलं जातं तिथली मातीही मऊ होत असेल.

एदेलिना तीनचाकीतून उतरली तेव्हा फ्लोरो डोळे मिटून वरचा सूर लावत होते. शेजारी अपोंग साबेल, वय वर्षं ब्याऐंशी, खालचा सूर धरून. मागच्या बाकावर दिओनीची बायको मार्सेला सकाळपासून हात जोडून बसली होती.

"मनोंग," मोठ्या भावाला म्हणावं तसं म्हणत एदेलिना त्यांच्या कानाशी वाकली. "उठायला हवं."

फ्लोरोंनी डोळे न उघडता हाताने थांब म्हटलं. अपोंग साबेलने मात्र ओळ संपता संपता, पुढची सुरू व्हायच्या फटीत, टोमणा मारून घेतला.

"तीन वर्षांनी तोंड दाखवलंस, ते गाणाऱ्याला उठवायला? मग बस की तूच!"

"अपोंग, होडीचं आहे."

म्हातारीचा चेहरा बदलला. पण सूर सोडला नाही.

फ्लोरोंनी इकडेतिकडे पाहिलं. पुढची पाळी एक वाजता होती, मांडवात गाणारं दुसरं कोणी नव्हतं. तेवढ्यात मार्सेला मागून उठून आली. काही न विचारता फ्लोरोंच्या शेजारी टेकली आणि त्यांच्या बोटाखाली जी ओळ चालू होती तिच्यावर आपलं बोट ठेवलं. दोन शब्द दोघांनी मिळून गायले. तिसऱ्यापासून तिचा एकटीचा आवाज होता. पातळ, जरा कापरा, पण सुरात.

तीनचाकीत बसल्यावर एदेलिनाने सगळं सांगितलं. सकाळचा नकाशा, अठरा तास, मेमरी. फ्लोरो ऐकत होते. ते मे महिन्यात निवृत्त होणार होते. हिवाळ्याच्या तोंडावर नद्यांच्या मुखाशी इपोन माशांची बोटाच्या पेराएवढी पिल्लं येतात, ती खोल समुद्रातून नेमकी कुठून येतात, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर उराशी धरला होता. तीस वर्षांचे प्रवाह एकदा उलटे चालवून पाहायचे होते. यंत्र एवढं मोकळं त्यांना पुन्हा मिळणार नव्हतं.

"किती दिवस झाले माझ्या कामाला?" त्यांनी विचारलं.

"अडतीस."

"चाळीसला संपणार होतं. परवा." ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. मग थोडं हसले. "चाळीस दिवसांचा उपास, आणि माझा दोन दिवस आधीच मोडला. पाद्रीबाबांना सांगू नकोस."

"मधलं काही साठवून ठेवलंत ना? आतापर्यंतचं?"

"सगळ्यांना शिकवलं. पंधरा आला की हातातलं लिहून ठेवायची सोय करा म्हणून." त्यांनी मान हलवली. "स्वतःच्यात राहून गेलं. करू करू म्हणता म्हणता."

आपण आधीच नऊ सोडून पाहिला होता, हे एदेलिनाने सांगितलं नाही.

*

फ्लोरो आपल्या जागेवर बसले. अडतीस दिवसांपूर्वी ज्या खिडकीतून त्यांनी काम सोडलं होतं ती तशीच उघडी होती. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि क्रमांक टाइप केला. पंधरा.

पडद्यावर काही झालं नाही.

शेलची ही सवयच. मागे सोडलेलं काम मेलं तरी ते मधेच ओरडून सांगत नाही. आपण पुढची कळ दाबेपर्यंत गप्प बसतं. फ्लोरोंचं बोट कळीवर होतं आणि ते कळ दाबत नव्हते. घड्याळात बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. एदेलिना मागे उभी होती. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. चॅपेलच्या कर्ण्यावरून मार्सेलाचा आवाज इथवर येत होता. बागेतला प्रसंग चालू होता, शिष्य झोपी जातात तो.

फ्लोरोंनी कळ दाबली.

टर्मिनेटेड, असं उमटलं. त्यांनी आकडाही विचारला, एवढं समोर दिसत असताना. एकशे त्रेचाळीस.

"गुणी होतं," ते म्हणाले. "एका शब्दात गेलं. नऊची वेळ आणली नाही." मग खुर्ची सरकवून उठले. "चल, तुझ्या होड्या सोड."

तिने होड्या सोडल्या. ती आकड्यांकडे पाहत राहिली आणि फ्लोरो खिडकीशी जाऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. अठरा गेले. एकतीस गेले. चाळीसनंतर तिने श्वास सोडला तो फ्लोरोंना ऐकू गेला असावा, कारण ते वळून आले. बहात्तर. या वेळी तिने हिरव्या शब्दाकडे पाहिलं नाही. तिघांचेही आकडे मागितले. शून्य, शून्य, शून्य.

ठिपक्यांचा पुंजका वायव्येला होता. सकाळच्या जागेपासून सत्तर मैल दूर.

"अपो दियोस," फ्लोरोंनी हळूच देवाचं नाव घेतलं.

एक वाजून पन्नास मिनिटांनी नकाशा पेराल्ताला पोचला. दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने कळवलं, विमान उडालं.

नंतर करायला काही उरलं नाही. दोघं बसून राहिले. फ्लोरोंनी मांडवातून आणलेली केळीच्या पानातली भाताची वडी उघडली, निम्मी तिला दिली. दोघांपैकी कोणी खाल्ली नाही. तीन वाजले. एक वाजता पाळी बदलायची होती, तरी मार्सेला तिथेच बसून गात होती. तो आवाज थांबला तेव्हा दोघांनीही घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. थोड्या वेळाने ती स्वतःच आली. उन्हातून चालत आली होती.

"घसा बसला," ती म्हणाली आणि एदेलिनाच्या शेजारच्या खुर्चीवर टेकली. "काही?"

"अजून नाही."

पावणेपाचला फोन वाजला. एदेलिनाने उचलला.

"सापडली," पेराल्ता ओरडत होता. मागे यंत्रांचा गोंगाट होता. "उलटली आहे, पण तरंगतेय. माणसं होडीच्या बाजूच्या बांबूंना धरून होती. जवळून मालवाहू जहाज चाललं होतं, ते वळवलं. त्यांनी वर घेतलं. तीन जण."

"चार," एदेलिना म्हणाली.

"जहाजाने तीन म्हणून कळवलंय, मॅम."

"नावं?"

"नावं नाहीत. बोलायच्या स्थितीत नाहीत ते. आकडाच दिलाय. मिळाली की कळवतो."

तिने फोन ठेवला. मार्सेला तिच्या तोंडाकडे पाहत होती. एदेलिनाने बोटं वर केली. तीन.

मार्सेलाने त्या बोटांकडे पाहिलं. मग ओठ हलवले, प्रार्थना सुरू करतात तसे, आणि मधेच थांबवले. होडीत दिओनीबरोबर होते ते तिघंही त्यांच्याच गल्लीतले. एकाची बायको कालच तिच्या घरी तांदूळ देऊन गेली होती. 'माझा असू दे' म्हटलं तर त्या तिघांपैकी कोणाचं तरी नाव देवापुढे सरकवावं लागत होतं. एदेलिनाने तिचे ओठ थांबलेले पाहिले आणि स्वतःचेही थांबले होते हे तिच्या लक्षात आलं.

"मनांग," मोठ्या बहिणीला म्हणावं तसं मार्सेला म्हणाली. तिने नणंदेचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. "तू होतीस म्हणून तीन तरी. अपो तुला उदंड देवो."

फ्लोरो खाली पाहू लागले. खोलीत सकाळच्या चुकीची माहिती असलेली दोनच माणसं होती आणि त्यांतले फ्लोरो कधीही तोंड उघडणार नव्हते. त्यांनी टेबलावरचे केळीच्या पानाचे तुकडे गोळा करायला घेतले, त्यातूनच ते कळत होतं.

"सकाळचा नकाशाही माझाच होता, मार्सेला," एदेलिना म्हणाली.

"हो ना. रात्रंदिवस..."

"ऐक. सकाळचा चुकीचा होता. यंत्र अर्ध्यात बंद पडलं होतं आणि मी पाहिलं नाही. विमान तीन तास भलतीकडे फिरलं. ते अकरापर्यंत तिथे पोचलं असतं." ती थांबली. "अकराला किती होते, मला माहीत नाही. ते आता कोणालाच कळणार नाही."

मार्सेलाने हात सोडला नाही. पण धरलेलाही राहिला नाही. तिची बोटं एदेलिनाच्या हातावर नुसती पडून राहिली, विसरल्यासारखी. बाहेर चॅपेलमधून नवे आवाज येत होते. तरुण, चढे, दोन-तीन मिळून.

"अकराला मी गात होते?" मार्सेलाने विचारलं.

"नाही. तू मागे बसली होतीस."

तिने मान हलवली. एवढंच जाणून घ्यायचं होतं तशी.

फोन पुन्हा वाजला. एदेलिना उठली नाही. फ्लोरो गेले, त्यांनी फोन घेतला, कागद ओढला, आणि पेन्सिल शोधता शोधता म्हणाले, "हं. सावकाश सांगा." दोघींकडे त्यांची पाठ होती. त्यांनी लिहिलं. "हं." परत लिहिलं. तिसऱ्या वेळी त्यांनी नाव दोनदा विचारून घेतलं, मग लिहिलं आणि फोन ठेवला.

ते वळले तेव्हा कागद त्यांच्या हातात होता. एदेलिना कागदाकडे पाहत होती. मार्सेला पाहत नव्हती. ती उभी राहिली होती, पदर सारखा करावा तशी अंगातल्या झग्याची घडी सारखी करत.

"मनोंग," ती म्हणाली, "लिहिलेली वाचू नका. जे राहिलं ते नाव सांगा. आधी त्या घरी जायला हवं."